कोड सगळ्यांचा, डोमेन कुणाच्या नावावर?

पत्र थोडक्यात: राजारामपुरीत राहणाऱ्या ३२ वर्षांच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअर ताईंचं हे पत्र आहे. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या दोन मित्रांबरोबर त्यांनी जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मानक रूपात, बदलून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं आणि ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कोड कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येईल असं, खुलं केलं. आज कोल्हापूर-सांगलीकडचे डीटीपीवाले, साप्ताहिकं, एक-दोन प्रकाशक आणि काही ग्रंथालयं ते वापरतात. काम मात्र हळूहळू ताईंच्या एकटीच्या अंगावर आलं आहे. वापरणाऱ्यांनी खुशीने पाठवलेले ३८ हजार रुपये त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात आहेत. त्यावरून जुन्या मित्रांपैकी एकाने ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, "पैशांचं काय झालं?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. मधल्या काळात एका छापखान्याच्या मालकांनी ३ लाख रुपये देऊ केले. त्यांच्या अटी दोन: सॉफ्टवेअरच्या नावात त्यांच्या फर्मचं नाव यावं आणि नव्या सुधारणा सहा महिने आधी त्यांना मिळाव्यात. जर्मनीत राहणारा एक मराठी वाचकही दरमहा काही युरो पाठवायला तयार आहे. घरचे म्हणतात, ट्रस्ट नोंदव. ताई विचारतात, "अपाचे, लिनक्स यांच्यामागे फाउंडेशन आहे. आम्हीही काढलं तर पैसा येईल, एखादा माणूस पगारावर ठेवता येईल आणि माझ्यावरचा संशयही जाईल. काढू का?"

प्रिय ताई,

जुन्या फॉन्टमधला मजकूर ज्याने एकदा हाताळला आहे, त्याला तुमच्या कामाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली, रफार अक्षराच्या नंतर, जोडाक्षरांचे तुकडे दर फॉन्टमध्ये वेगळ्या जागी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक रूपांतरात पुसला गेला तर तो पुढे कुणाच्या लक्षातही येत नाही, चूक तशीच छापली जाते. कितीतरी वर्षांचा मराठी मजकूर असा अडकून पडला आहे आणि नोकरी सांभाळून तुम्ही तो सोडवता आहात. त्याबद्दल आधी मनापासून आभार. पुढे मी तुमच्या काही समजुतींना हात घालणार आहे, तो हे काम टिकावं म्हणूनच.

माझं उत्तर आधीच सांगते. आत्ता संस्था नोंदवू नका. पण चांगलं फाउंडेशन जे करतं, त्यातलं बरंचसं येत्या महिन्याभरात सुरू करा. त्याला नोंदणी लागत नाही.

तुमच्या पत्रात तीन अडचणी एकात एक गुंतल्या आहेत: कामाचा भार, पैशांची व्यवस्था आणि मित्राशी बिनसलेलं. नोंदणीने तिन्ही सुटतील असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तिने फक्त मधली अडचण थोडीफार सुटेल आणि पहिली कदाचित वाढेल.

तुम्ही अपाचेचं नाव घेतलंत, म्हणून तिथूनच पाहू. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन १९९९ मध्ये अमेरिकेत नोंदलं गेलं. अपाचे नावाच्या वेब सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळं लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणारी माणसं त्याआधी चार वर्षं, १९९५ पासून, एकत्र काम करतच होती. आणि आजही हे फाउंडेशन कोड लिहिण्यासाठी कुणाला पैसे देत नाही. सर्व्हर, कायदेशीर बाजू, ट्रेडमार्क, हिशेब हे ते सांभाळतं. कोड लिहिणारे एकतर स्वयंसेवक असतात, नाहीतर आपापल्या कंपनीच्या पगारावर असतात. सभासदत्वही माणसाला मिळतं, कंपनीला नाही.

लिनक्स फाउंडेशनची गोष्ट वेगळी आहे. २००७ मध्ये दोन संस्था एकत्र होऊन ते उभं राहिलं. तिथे कंपन्या वर्गणी भरून सभासद होतात. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा पगार तिथून होतो हे खरं, पण कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, काम करणाऱ्या बहुतेकांना पगार त्यांच्या कंपन्याच देतात. अमेरिकेच्या करकायद्यातही या दोघांचे वर्ग निराळे आहेत. कोल्हापूरकराला हा फरक पटकन कळेल. लिनक्स फाउंडेशन उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या संघटनेसारखं आहे: सभासद उद्योगांना जे लागतं ते एकत्र येऊन करायचं. अपाचे १८५० पासून चालू असलेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखं आहे: चालवणारे मोजके, पण दार सर्वांना उघडं. दोन्ही प्रकार उपयोगाचे आहेत. पण 'फाउंडेशन काढू' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर यांतलं कोणतं आहे, ते पत्रावरून कळत नाही. कारण पगारी माणूस तुम्हाला लिनक्सच्या प्रकारातून हवा आहे आणि विश्वास अपाचेच्या प्रकारातून.

शिवाय फाउंडेशन असलं म्हणजे पैसा येतो असंही नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला तेव्हा इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्या ओपनएसएसएलवर उभी होती, त्याच्यामागे पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस असल्याचं जगाला कळलं. ओपनएसएसएलच्या नावाने फाउंडेशन होतं. त्याला वर्षाला मिळणारी देणगी होती सुमारे २ हजार डॉलर. मोठमोठ्या कंपन्या ते रोज वापरत होत्या आणि त्यांच्यापैकी कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं की हे चालवतं कोण. धक्का बसल्यावर लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांकडून निधी उभा केला आणि त्यातून दोन पूर्णवेळ माणसांची सोय झाली. मला यातून एवढंच दिसतं की वापरणाऱ्यांना काम दिसलं पाहिजे, ते कुणाच्या भरवशावर चाललंय हे माहीत झालं पाहिजे. तुमच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर आज असं काही लिहिलंय का, की हे एक बाई नोकरीनंतरच्या वेळात सांभाळते? लिहा. किती तक्रारी तुंबल्या आहेत तेही लिहा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

मग फाउंडेशन नेमकं करतं काय? माझ्या मते त्याचं पहिलं काम हे की जे एका माणसाचं किंवा एका कंपनीचं असू नये, ते आपल्या नावावर धरून ठेवणं. कोड तर लायसन्समुळे सर्वांसाठी खुला असतोच. पण प्रकल्पाचं नाव, डोमेन म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, बँक खातं, सर्व्हरचे पासवर्ड, नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार, या गोष्टी लायसन्समध्ये येत नाहीत.

हे किती महत्त्वाचं आहे ते लिब्रेऑफिसच्या लोकांनी सोसून शिकलेलं आहे. ओपनऑफिस हे कार्यालयीन कामाचं खुलं सॉफ्टवेअर सन कंपनीचं होतं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. स्वयंसेवकांना पुढची चिन्हं बरी दिसेनात. कोड खुला होता, तो घेऊन बाहेर पडता आलं. पण नाव कंपनीचं होतं. इतक्या वर्षांत लोकांच्या तोंडी बसलेलं नाव मागे ठेवून त्यांना सप्टेंबर २०१० मध्ये लिब्रेऑफिस या नव्या नावाने पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागली. डॉक्युमेंट फाउंडेशन त्यांनी काढलं ते पुन्हा असं होऊ नये म्हणून. जर्मन कायद्याप्रमाणे लागणारं ५० हजार युरोचं भांडवल लोकांनी आठ दिवसांत जमवलं आणि २०१२ मध्ये बर्लिनमध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. आज मराठीतून मेनू दिसणारं लिब्रेऑफिस आपल्याकडे कितीतरी जण वापरतात, ते या व्यवस्थेमुळे उभं आहे. पैसे इतक्या लवकर जमले, कारण देणाऱ्यांना माहीत होतं की ही माणसं कोण आहेत आणि काय वाचवायला निघाली आहेत.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करण्याच्या सॉफ्टवेअरचंही असंच. ज्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर होतं ती बंद पडली. २००२ मध्ये टॉन रोझेंडाल यांनी फाउंडेशन काढून लोकांकडून १ लाख युरो जमवले आणि कोड कायमचा खुला करून घेतला. आधी नेमकी गरज होती, मग तिच्या मापाची संस्था आली.

आता ही फूटपट्टी तुमच्या प्रकल्पाला लावा. डोमेन कुणाच्या नावावर आहे? त्याचं नूतनीकरण कुणाच्या कार्डावरून होतं? कोड जिथे ठेवला आहे त्या गिटहबवर मालकीहक्क किती जणांकडे आहेत? उद्या तुम्ही महिनाभर आजारी पडलात, बाळंतपणाला गेलात, नोकरीसाठी पुण्याला गेलात, तर एखाद्या साप्ताहिकाची अडलेली फाईल कोण सोडवेल? सगळ्याचं उत्तर 'मी' असेल, आणि पत्रावरून तसंच वाटतं, तर ट्रस्ट नोंदवूनही उत्तर 'मी'च राहील. फक्त त्या 'मी'पुढे अध्यक्ष असं लिहिलेलं असेल.

म्हणून पहिलं पाऊल किल्ल्या वाटण्याचं. किमान आणखी दोन माणसांकडे मालकीहक्क द्या. पण इथे सांभाळून. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या एका लहानशा पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. ते सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला होता. "काम पुढे जात नाही, दुसऱ्याला हक्क दे" असा तगादा त्याच्यामागे लावला गेला आणि दोन-एक वर्षं मदत करून विश्वास मिळवलेल्या एका अनोळखी नावाने शेवटी घात केला. थकव्याच्या भरात किल्ल्या देऊ नका. ज्यांना तुम्ही समोरासमोर भेटला आहात, ज्यांचं काम पाहिलं आहे, त्यांना द्या. शिवाजी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणारी मुलं आहेत, डीटीपी करणाऱ्या चोखंदळ बायका-पुरुष आहेत. कोड न लिहिताही चुका तपासणारा माणूस तुमच्या कामात अर्धा भार उचलू शकतो. रफार चुकला हे ओळखायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.

आता मित्राबद्दल. त्याचा प्रश्न तुम्हाला लागला, ते मी समजू शकते. इतकी वर्षं फुकट काम केल्यावर चारचौघांत असं विचारलं जाणं बोचतंच. विचारण्याची जागा आणि सूर दोन्ही चुकले. पण प्रश्न स्वतः चुकीचा होता का? लोकांनी प्रकल्पासाठी पैसे दिले, ते एका व्यक्तीच्या खात्यात आहेत आणि हिशेब कुठे लिहिलेला नाही. उद्या हीच गोष्ट तुमच्या गल्लीतल्या मंडळात घडली तर तुम्हीही विचाराल. तुम्ही एक पैसाही इकडचा तिकडे केला नसेल याबद्दल मला शंका नाही. पण 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं म्हणण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था हवी, आणि ती तुमच्याच रक्षणासाठी हवी. कोणत्या तारखेला किती आले, डोमेनला किती गेले, शिल्लक किती, एवढं एका पानावर लिहून प्रकल्पाच्या पानावर सर्वांना दिसेल असं ठेवा. देणाऱ्यांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नका. मग मित्राला फोन करा, मेसेज नको. सांगा की हिशेब टाकला आहे, तो तू तपासून दे आणि यापुढे दर तीन महिन्यांनी तूच तपासत जा. तो कदाचित अजून रागात असेल, कदाचित नाही म्हणेल. तरी विचारा. सुरुवातीचा कोड त्याचाही आहे.

छापखान्याच्या मालकांचे ३ लाख मात्र या अटींवर घेऊ नका. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यांना सॉफ्टवेअर हवंय आणि त्याची किंमत द्यायची तयारी आहे, असे लोक थोडे असतात. पण नाव एकदा एका फर्मला जोडलं की दुसरा छापखाना, सरकारी ग्रंथालय, प्रतिस्पर्धी प्रकाशक हात आखडतील. आणि सुधारणा सहा महिने दाबून ठेवायच्या तर ज्यांनी फुकट चुका शोधून पाठवल्या, त्यांच्याच चुकांची दुरुस्ती त्यांना उशिरा मिळणार. इतरांनी पाठवलेल्या कोडवर तुमचा एकटीचा हक्कही नाही.

पैशापेक्षा अट मोठी ठरते, याचं ताजं उदाहरण पायथनचं आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे आणि पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन २००१ पासून तिचं काम पाहतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून मिळू घातलेलं १५ लाख डॉलरचं अनुदान सोडून दिलं. पायपीआय या पायथनच्या तयार कोडच्या सार्वजनिक साठ्याच्या सुरक्षेसाठी ते पैसे होते आणि गरजही होती. पण विविधता आणि समावेशनाचे कार्यक्रम चालवणार नाही, अशी अट संस्थेच्या सगळ्याच कामाला लागू होणार होती आणि ती मोडली असं ठरलं असतं तर खर्च झालेले पैसेही परत मागता आले असते. विश्वस्तांनी एकमताने नाही म्हटलं.

तुम्हाला सरळ नाही म्हणायची गरज नाही. मालकांकडे दुसरा प्रस्ताव घेऊन जा. त्यांच्याकडचे जे जुने फॉन्ट नीट बदलत नाहीत, ते आधी हाती घेऊ, त्या कामाचं रीतसर बिल देऊ आणि झालेली सुधारणा त्याच दिवशी सर्वांना खुली होईल. आभाराच्या पानावर फर्मचं नाव ठळक येईल. काम करायला तुम्हाला वेळ नसेल तर त्याच पैशातून एखाद्या होतकरू मुलाला त्या कामापुरतं घ्या. ओपन सोर्समध्ये लोक असेच पैसे कमावतात आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त नोकरीच्या करारात बाहेरचं काम करण्याबद्दल काय लिहिलंय, ते आधी वाचा.

नोंदणीबद्दल तुमच्या घरच्यांना काय सांगाल? आपल्याकडे वाटा तीन. सार्वजनिक न्यास, जो १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवला जातो. सोसायटी, १८६० च्या कायद्याखालची, तिला किमान सात माणसं लागतात आणि महाराष्ट्रात तिला न्यास म्हणूनही नोंदवावं लागतं. किंवा कंपनी कायदा २०१३ मधली कलम ८ ची ना-नफा कंपनी, जिला दोन संचालकांपासून सुरुवात करता येते. नोंदणी जमते, अवघड असतं ते पुढे. दरवर्षी ऑडिट, विवरणपत्रं, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, करसवलतीसाठी वेगळी नोंदणी आणि तिचं नूतनीकरण. कोल्हापुरात ट्रस्ट आणि मंडळं भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कुणाही सेक्रेटरीला विचारा, कागदपत्रांत किती दिवस जातात. ३८ हजारांतला मोठा हिस्सा सीएच्या फीमध्येच संपेल आणि कोडसाठीचा तुमचा उरलासुरला वेळ फायलींत जाईल.

म्हणूनच लहान प्रकल्प जगभर दुसरी वाट धरतात: आधीच नोंदलेल्या संस्थेच्या आसऱ्याने राहायचं. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीसाठी १९९७ मध्ये सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था निघाली, ती आता इतर अनेक प्रकल्पांचे पैसे सांभाळते. २००६ मध्ये निघालेल्या सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीकडे गिट आणि इंकस्केप हे प्रकल्प आहेत. ओपन सोर्स कलेक्टिव्ह जमा रकमेतले १० टक्के घेऊन हिशेब उघड्यावर ठेवतं. या सगळ्या अमेरिकेतल्या. आपल्याकडे अशी सोय अजून तोकडी आहे, हे दुःखाने म्हणावं लागतं. तरी फॉस युनायटेड ही भारतीय ना-नफा संस्था प्रकल्पांना अनुदान देते, शहरांत मेळावे भरवते. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये सुरू केलेला फ्लॉस फंड ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर बाजूला ठेवतो. केरळमध्ये स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या गटाने फॉन्ट आणि भाषातंत्रज्ञानाचं मोठं काम समुदायाच्या बळावर उभं केलं आहे. त्यांच्याशी बोला. तुमच्या अडचणी त्यांना अर्ध्या वाक्यात कळतील.

मला कोल्हापुरातच आणखी एक शक्यता दिसते. मराठी भाषा किंवा ग्रंथालयं हे ज्यांच्या उद्दिष्टांत आहे अशा जुन्या, चोख हिशेबाच्या विश्वस्त संस्था इथे आहेत. त्यांच्यापैकी एखादी तुमच्या प्रकल्पासाठी स्वतंत्र खातेशीर्ष ठेवायला तयार होते का, ते पाहा. झाली तर तोंडी काही ठेवू नका. पैसे कशावर खर्च करायचे हे प्रकल्पाची माणसं ठरवतील, नाव प्रकल्पाचंच राहील आणि पुढे वेगळं व्हायचं झालं तर नाव आणि शिल्लक रक्कम दोन्ही कायद्यात बसेल तसं योग्य संस्थेकडे नेता येईल, हे लेखी हवं.

स्वतःची संस्था कधी काढायची? तुम्ही नसलात तरी दर महिन्याला जमणारी पाच-सात माणसं असतील, पैसे नियमित येत असतील आणि आसरा देणारी कोणतीच संस्था मापात बसत नसेल, तेव्हा. दोन वर्षं तरी वाट पाहा असं मी सुचवेन.

तोवर प्रकल्पासाठी एक वेगळं बचत खातं उघडा आणि ३८ हजार तिकडे वळवा. खातं तुमच्याच नावावर असेल, पण घरखर्चात ते पैसे मिसळणार नाहीत. एका आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून आलेली भेट ५० हजारांवर गेली की सगळीच रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, आणि या पैशांना भेट म्हणायचं की कामाचा मोबदला हाही प्रश्न आहेच. तेव्हा मार्चच्या आधी सीएकडे जा.

जर्मनीतल्या वाचकाला मात्र आत्ता थांबवा. परदेशी देणगीला एफसीआरए हा परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा लागू होऊ शकतो. त्याखालच्या नोंदणीसाठी संस्थेचं वय किमान तीन वर्षं आणि त्या काळात उद्दिष्टांवर झालेला किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावर घेता येतात. त्याचे युरो तुमच्या खात्यात आले आणि नंतर कुणी बोट दाखवलं, तर निस्तरणं फार जड जाईल. त्याचे आभार माना आणि त्याऐवजी एक गोष्ट मागा: त्याच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली असतील, जुन्या दिवाळी अंकांच्या, मंडळाच्या स्मरणिकांच्या, तर त्या तपासणीसाठी पाठवायला सांगा, आणि बदललेला मजकूर मूळाशी ताडून पाहायला आठवड्यातला एक तास देशील का, ते विचारा.